गच्चीची गळती चार वर्षे लांबवली, आता स्लॅबच्या सळ्या दिसू लागल्या

प्रश्न (शिवाजी पेठ, कोल्हापूर)
आमच्या घराचा आरसीसी स्लॅब १९९४ साली ओतलेला आहे. चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात झोपण्याच्या खोलीत, गच्चीवरचा पाइप जिथून खाली उतरतो त्या कोपऱ्यात, ताटलीएवढा ओला डाग दिसला. गवंड्याने पाइपाच्या तोंडाशी नवा उतार काढून वॉटरप्रूफिंग करण्याचे अठरा हजार रुपये सांगितले होते. परंतु त्याच वर्षी मुलीचे लग्न असल्याने आम्ही पोपडे खरवडले, पुट्टी भरली आणि रंग देऊन विषय मिटवला. पुढे प्रत्येक मे महिन्यात ‘एवढा पावसाळा निघू दे’ असेच म्हणत आलो. गेल्या आठवड्यात पहाटे त्याच कोपऱ्यातून हातभर लांबीचा काँक्रीटचा खपला पलंगाच्या कडेला पडला आणि वर तीन गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या. आता पावणेदोन लाखांचा अंदाज सांगितला जात आहे. वळीव सुरू झाला आहे, तेव्हा खालून सिमेंट भरून दिवाळीपर्यंत थांबता येईल का?

उत्तर १
मी स्थापत्य अभियंता आहे. खालून नुसते सिमेंट भरू नका. एक-दोन पावसाळ्यांत ते पुन्हा अंगावर येईल. चांगल्या काँक्रीटमधील अल्कधर्मी वातावरण सळीचे गंजण्यापासून रक्षण करते. पण हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून ते नाहीसे करतो, आणि वरून ओल मिळत राहिली की गंज धरतो. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापत असल्याने सळीखालचे जेमतेम २० मिलिमीटरचे कव्हर, म्हणजे सळी झाकणारा काँक्रीटचा थर, आतूनच ढकलून पाडतो. तुमचे अठरा हजारांचे काम पाण्याचे होते, पावणेदोन लाखांचे काम लोखंडाचे आहे. डाग रंगवला तेव्हा कदाचित सळी अजून शाबूतही असेल.

आज त्या भागाखाली टेकू द्या आणि खोलीत कोणी झोपू नका. मग हलक्या हातोडीने सगळे छत ठोकून पाहा. जिथे बद्द आवाज येईल तिथे काँक्रीट सुटलेले आहे, त्याभोवती खडूने रेघ ओढा. खर्च या रेघेवर ठरतो, डागावर नव्हे. सळीची जाडी बरीच घटली असेल तर जोडीला नवी सळी बांधावी लागते, आणि हा निर्णय गवंड्यावर सोडू नये. ओल्या पृष्ठभागावर वॉटरप्रूफिंगचा लेप नीट धरत नाही, म्हणून कोरडे दिवस सलग मिळेपर्यंत पाइपाचे तोंड साफ करून गच्चीवर ताडपत्री घाला आणि मुख्य काम पाऊस ओसरल्यावर करा. मात्र टेकूला दिवाळी चालणार नाही.

उत्तर २
कौलारू घराचीही तीच गत होते. मंगळवार पेठेतील आमच्या जुन्या घराचे पश्चिमेकडील एक मंगलोरी कौल सरकले होते, आणि शाकारणाऱ्याची अर्ध्या दिवसाची मजुरी वाचवण्यासाठी आम्ही तीन पावसाळे त्याखाली घमेले ठेवले. घमेल्यात पडत होते तेवढेच पाणी आम्हाला दिसत होते. उरलेले वाशावरून वाहत भिंतीत मुरत होते. वासा काढला तेव्हा त्याचे भिंतीतले टोक ओल्या बिस्किटासारखे हातात आले आणि आतून वाळवी निघाली. त्यात भर म्हणजे, दगडमातीच्या त्या भिंतीला ओल दिसू नये म्हणून आम्ही सिमेंटचा गिलावा केला होता, त्यामुळे चुन्याच्या गिलाव्यातून सुकली असती ती ओल आतच कोंडली. शेवटी चार वासे, रिपा आणि भिंतीचा वरचा तीन फूट भाग बदलावा लागला.

मूळ प्रश्नकर्ता
सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. काल टेकू दिले आणि छत ठोकून पाहिले. बद्द आवाज कोपऱ्यापासून साडेतीन फुटांपर्यंत, पंख्याच्या हुकाच्या अलीकडे येऊन थांबतो. पंखा उतरवून ठेवला आहे. पाइपाच्या तोंडातून पानांचा लगदा, प्लास्टिकची पिशवी आणि पिंपळाचे बोटभर जाडीचे मूळ निघाले. सोमवारी अभियंता सळ्यांची जाडी मोजायला येणार आहेत. ती पाहूनच नवी सळी बांधायची की नाही ते ठरवू.