मदत हवी आहे: स्तन वाचवून ऑपरेशन केलं तर रेडिएशनचं कसं जमवलंत?

नमस्कार. माझी मावशी ४७ वर्षांची, कळंब तालुक्यात असते, घरची शेती आणि दोन म्हशी. डाव्या स्तनात साडेचार सेंटीमीटरची गाठ, बायॉप्सीत कॅन्सर निघाला. चार केमो झाल्या, गाठ आता दोनच्या आत आलीये.

पहिले सर्जन म्हणाले या वयात ठेवून काय करायचंय, पूर्ण काढून टाकू. मावशी तिथं गप्प बसली आणि परत येताना एसटीत मला हळूच म्हणली, "पदराखाली कुणाला दिसायचं नाही गं, पण न्हाणीत मला तर दिसंल." तेव्हापासून माझं डोकं चालत नाहीये.

दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की फक्त गाठ आणि भोवतीचा भाग काढायचा आणि पाठीचा स्नायू पुढे वळवून खड्डा भरायचा, याला ऑन्कोप्लास्टी म्हणतात. काका आणि आजीचं एकच, ठेवलं तर परत उलटणार. मी त्यांना सांगून थकले की मिलान आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या अभ्यासांचे २० वर्षांचे निकाल २००२ ला आले, स्तन ठेवलेल्या आणि काढलेल्या बायका सारख्याच जगल्या. पण त्याच अमेरिकेच्या अभ्यासात रेडिएशन न घेतलेल्यांपैकी शंभरात ३९ जणींना त्याच स्तनात परत आला, घेतलेल्यांत १४. म्हणजे ऑपरेशनपेक्षा मला रेडिएशनचीच भीती वाटतेय, कारण ते अर्धवट सुटलं तर आजीचं म्हणणं खरं ठरेल. आणि सगळं काढलं तरी काखेतल्या गाठींत निघालं तर रेडिएशन लागू शकतंच, हे घरी कुणाला पटत नाही.

डॉक्टर म्हणालेत रेडिएशन १५ वेळा घ्यायचं, सोमवार ते शुक्रवार, तीन आठवडे. बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आम्हाला जवळचं पण रोज जाऊन येऊन करायचं, तेही सोयाबीन काढणीच्या तोंडावर, की तिथंच खोली घ्यायची? कुणी केलंय का असं? महात्मा फुले योजनेत ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही बसलं का तुमचं, की पाठीच्या स्नायूचं वेगळं भरावं लागलं?

अजून एक, केमोच्या आधी गाठीत जागेची खूण म्हणून बारीक क्लिप टाकतात, ती टाकली नव्हती, आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आता गाठ अजून बारीक झाली तर सर्जनना नेमकी जागा कशी सापडणार? आणि काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर निघाला तर परत ऑपरेशन म्हणे, स्नायू आधीच भरलेला असताना ते कसं करतात? थांबून रिपोर्ट आल्यावर भरतात का?

ज्यांच्या घरी पाठीचा स्नायू घेतलाय त्यांनी प्लीज सांगा, त्या बाजूच्या हाताने धार काढणं, पाण्याची घागर उचलणं किती महिन्यांनी जमलं? जखम भरायला वेळ लागून रेडिएशन लांबलं का? मावशीला हेच सगळ्यात आधी विचारायचंय, आणि खरं असेल ते सांगा, वाईट असलं तरी.

येत्या सोमवारी परत दाखवायचंय.