मदत हवी आहे : तिसऱ्या डावातही गंमत टिकेल असे नियम कसे करू?

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं मित्र ‘ब्लड बोल’ खेळतो. १९८६ साली आलेला हा खेळ म्हणजे ऑर्क, एल्फ, गॉब्लिन अशा कल्पित जमातींच्या छोट्या पुतळ्यांचा, पटावरचा धमाल अमेरिकन फुटबॉल. त्यातला ‘टर्नओव्हर’ मला फार आवडतो. आपल्या पाळीत आपलाच गडी आडवा झाला की पाळी तिथेच संपते. म्हणून आधी बिनधोक चाली, मग जोखमीच्या, हे गणित दर वेळी नव्याने मांडावं लागतं. हाफलिंग नावाच्या बुटक्यांचा आचारी तर समोरच्या संघाचे री-रोलच (फासा पुन्हा टाकायच्या संधी) पळवतो! हसू येतं, आणि डावही बदलतो.

भाचरांसाठी मी याच धाटणीचा छोटा खेळ रचतोय : गॉब्लिन बाजारातून भोपळे पळवतात. दर फेरीला दोन फासे टाकून बेरजेप्रमाणे तक्त्यातला एक गोंधळ घडतो. पहिल्या डावात पोरं लोळून हसली. तिसऱ्यात तक्ता कुणी वाचेना. चूक थोडी कळली : ७ ची बेरीज ३६ पैकी ६ प्रकारे येते, २ आणि १२ एकेकाच प्रकारे. म्हणजे तेच ते विनोद परत परत.

तक्त्याऐवजी पत्ते करू का? की गोंधळ कधी घडवायचा हे खेळणाऱ्यानेच जोखीम घेऊन ठरवावं? आणि लीगसारखं गड्यांचं कौशल्य पुढच्या डावात न्यायचं, तर हरणारं पोर मागेच पडत जाणार नाही यासाठी काय करता? कुणी असे घरचे नियम करून पाहिले असतील तर नक्की सांगा. पुढच्या रविवारी पोरं येणार आहेत.