कंपायलरवर अख्खे करिअर उभे करावे का?

रबाळेकर:
माझी भाची ठाण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे कंपायलर (माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारे सॉफ्टवेअर) व प्रोग्रामरना लागणारी इतर साधने यांवरच काम करायचे, असे तिने ठरवले आहे. माझा याला विरोध आहे. ऐरोलीपासून महापेपर्यंत आयटी कंपन्यांची रांग असली, तरी तिथले बहुतेक काम बँका, विमा कंपन्या आणि परदेशी ग्राहकांच्या सॉफ्टवेअरच्या देखभालीचे आहे. कंपायलरची टीम माझ्या तरी पाहण्यात औषधालाही नाही. त्या नोकऱ्या बंगळूर, हैदराबाद, फार तर पुण्यात. शिवाय जीसीसी हा कंपायलर १९८७ पासून आणि एलएलव्हीएम हा कंपायलर बांधण्याचा सांगाडा २००३ पासून फुकट मिळत असताना नवा कंपायलर विकत घेणार कोण?

पारसिक:
रबाळेकर, कंपायलर फुकट असला तरी तो लिहिणारे फुकट राबत नाहीत. त्यांतल्या पुष्कळांचा पगार चिप बनवणाऱ्या कंपन्या देतात. चिपची रचना नवी असेल, तर तिच्यासाठी बॅकएंड, म्हणजे त्या चिपच्या सूचना तयार करणारा कंपायलरचा भाग, लिहावाच लागतो आणि एआयच्या चिप आल्यापासून हे काम वाढलेच आहे. रस्ट आणि स्विफ्ट या दोन्ही भाषा एलएलव्हीएमवरच उभ्या आहेत.

दुसरे असे की, हे ज्ञान कंपायलरच्या टीमबाहेरही कामाला येते. सी भाषेत बेरीज मर्यादेबाहेर जाते का हे पाहण्यासाठी ‘एक्स अधिक एक हे एक्सपेक्षा लहान आहे का’ अशी तपासणी लिहिण्याची सवय अनेकांना असते. एक्स साइन्ड इंटिजर (ऋणही असू शकणारा पूर्णांक) असेल, तर भाषेच्या मानकानुसार बेरीज मर्यादेबाहेर गेल्यावर काय व्हावे हे ठरलेलेच नाही. त्यामुळे ते घडणारच नाही असे धरून कंपायलर ऑप्टिमायझेशन (प्रोग्राम वेगवान करण्याची प्रक्रिया) चालू असताना ती अख्खी तपासणी काढून टाकू शकतो. टेबलावर चाललेला प्रोग्राम मग ग्राहकाकडे कोलमडतो आणि असेंब्ली (मशीनच्या सूचनांचे वाचता येणारे रूप) वाचून कारण सांगणारा माणूस शोधावा लागतो. (आमच्याकडे तो शोध बहुधा रात्री सुरू होतो.)

रबाळेकर:
हे सारे मान्य. पण मग विषय शिकावा, त्यावर आयुष्य का लावावे? रजिस्टर अ‍ॅलोकेशनवर (प्रोसेसरमधल्या मोजक्या जागा वाटून देण्याच्या कामावर) पाच वर्षे घालवलेल्या मुलीला नोकरी बदलताना एचआर जावाचाच अनुभव विचारणार. आणि साधने बनवणारी टीम हिशेबात खर्चाच्या बाजूला पडते, त्यामुळे मंदी आली की कात्री आधी तिच्यावर चालते.

नौपाडेकर:
जवळपास काहीच नाही, हे मात्र पटत नाही. पवईच्या आयआयटीत जीसीसी रिसोर्स सेंटर चालवले गेले आणि टाटांनी पुण्यात १९८१ साली काढलेल्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात कोड तपासणाऱ्या साधनांवर संशोधन झाले. भाचीने आधी एलएलव्हीएममध्ये नवख्यांसाठी खूण केलेल्या त्रुटींपैकी एखादी दुरुस्त करून पाठवावी. परीक्षण करणारे चार वेळा परत पाठवतील. तरीही उत्साह टिकला, तर तुमच्या विरोधाला फारसा अर्थ उरणार नाही.

पारसिक:
कात्रीचा मुद्दा मात्र खरा आहे. म्हणून मुलाखतीत तिने एवढे जरूर विचारावे, की हे साधन ग्राहक पैसे देऊन घेतात की ते केवळ कंपनीच्या आतच वापरले जाते. दुसऱ्या प्रकारची टीम असेल, तर मीही रबाळेकरांच्या बाजूने आहे.