मदत हवी आहे: मायला आमवातावरची टोफासिटिनिब गोळी सुरू करावी का?

नमस्कार मंडळी. आम्ही सेलूचे, जिल्हा परभणी. माय ५८ वर्षांची, सहा वर्षांपासून आमवात. सकाळी तासभर बोटं वळत नाहीत. परातीत पीठ घेऊन नुसती बसून राहते. आमवातावर मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच, रविवारी. (एका मेडिकलवाल्यानं रोज घ्या म्हणून सांगितलं होतं! नशीब, मी चिठ्ठी वाचली.)

आता डॉक्टर टोफासिटिनिब म्हणतात. पण २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (तिथली सरकारी औषध नियंत्रण संस्था) या गोळीबद्दल हार्ट अटॅक, रक्ताच्या गुठळ्या, कॅन्सरचा इशारा दिलाय. ज्या अभ्यासावरून हा इशारा आला, तो पन्नाशीपुढच्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांवरचाच होता. मायला बीपी आहे.

कुणाच्या घरी ही गोळी चालू आहे का? आधी टीबीची कोणती तपासणी केली? नांदेड-लातूरकडं संधिवाततज्ज्ञ कोण? संभाजीनगरचा एसटी प्रवास तिला आता झेपत नाही.