रविवारी चर्चमध्ये स्तुती होते, सोमवार ते शनिवार काय करायचं?

नालासोपारा_फास्ट:
जय ख्रिस्त सगळ्यांना. खूप दिवस विचारीन विचारीन म्हणत होते. रविवारी गाणी सुरू झाली की मन भरून येतं, पण सोमवारपासून माझी प्रार्थना म्हणजे नुसतं मागणं, प्रभू गाडीत चढायला मिळू दे, प्रभू साहेब आज शांत असू दे, प्रभू पप्पांचं डायलिसिस नीट होऊ दे. स्तुती अशी होतच नाही. त्यात हॉस्पिटलमधून दमून घरी यावं तर ग्रुपवर कोणीतरी 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' टाकलेलं असतं आणि ते ओठावर आणणं फार जड जातं. मन रडत असताना स्तुती केली तर ती खोटी नाही का? तुम्ही रोजच्या धावपळीत नक्की काय म्हणता, कधी म्हणता, ते सांगा. 'विश्वास ठेव' एवढंच नको प्लीज.

भायखळ्याचे_काका:
बेटा, आधी पप्पांसाठी प्रार्थना केली, मग लिहायला बसलो.
खोटी अजिबात नाही. बायबलमधलं स्तोत्र ३४ उघड. मी सर्वदा परमेश्वराचा धन्यवाद करीन असं म्हणणारा दावीद तेव्हा काही राजवाड्यात बसलेला नव्हता, जीव वाचवत पळत होता, वेड्याचं सोंग घेऊन शत्रूच्या तावडीतून सुटला होता, स्तोत्राच्या वरच लिहिलंय ते. स्तोत्र १३ 'किती काळ, परमेश्वरा' असं सुरू होतं आणि सहा वचनांत गाण्यापर्यंत पोचतं. ८८ मात्र शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे, कोणी काढून टाकलं नाही. तुझं रडणं तू त्याच्याचसमोर नेतेस ना, मग तिथेच तू त्याला देव मानलंस. आणि आजाराबद्दल देवाची स्तुती कर असं कोणी सांगत असेल तर ऐकू नकोस, आजार चांगला असं शास्त्र कुठेच म्हणत नाही. आजार असतानाही देव चांगला आहे, एवढंच म्हणायचं.
माझं म्हणाल तर मी मोठ्याने गातो. फिलिप्पै शहराच्या तुरुंगात प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना मध्यरात्री गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. आमच्याकडे संध्याकाळच्या प्रार्थनेला अजून पेटी आणि टाळ निघतात. अमेरिकन मिशनरी मुंबईत १८१३ ला आले, पण आपल्या अभंग-ओवीच्या चालीवर ख्रिस्ताची स्तुती घराघरात रुजली ती खरी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांमुळे, त्यांचा बाप्तिस्मा पण इथे मुंबईतच झाला, १८९५ ला. भाकरी थापताना गुणगुणता येईल असं गाणं पाठ असलं की स्तुतीसाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

रात्रपाळी_सिस्टर:
काकांचं पटलं पण मोठ्याने गाणं सगळ्यांना जमत नाही हो. मी वॉर्डमध्ये नाईट करते, सगळ्या धर्मांचे पेशंट असतात, कोणाची झोप मोडून माझी भक्ती नको. मी मनात म्हणते पण नेमकं म्हणते. पहाटे चारला बीपी-टेंपरेचरचा राऊंड असतो, तेव्हा डोळे मिटायला लागतात, एका बेडवरून दुसऱ्या बेडकडे जाताना स्तोत्र १२१ म्हणते, इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही की झोपत नाही. प्रभू मी पेंगतेय, तू जागा आहेस, बेड नंबर सातच्या आजीला तू बघतोयस. झाली स्तुती. मागणं नाही काही, तो कसा आहे तेवढंच त्याला सांगायचं.
नालासोपारा ताई, तुम्ही मागता त्याच गोष्टीच्या आधी असं एक वाक्य टाकून बघा. 'गाडीत चढू दे' च्या आधी 'तू मला उठवलंस, तू कालही सांभाळलंस'. मागणं वाईट नाहीच, प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितलीच आहे, पण तिची सुरुवात 'तुझे नाव पवित्र मानले जावो' अशी होते. आणि इब्रीकरांस पत्रात १३ व्या अध्यायात ओठांनी स्तुतीचा यज्ञ करा म्हटलंय, लगेच पुढच्या वचनात चांगलं करायला, दान करायला विसरू नका म्हटलंय. पप्पांचा हात धरून तुम्ही डायलिसिसला बसता ते देव त्या यज्ञातच धरतो असं मला मनापासून वाटतं.

माहीमचा_शेजारी:
मी कॅथलिक आहे, आमच्याकडे दिवसाला ठरलेल्या वेळाच आहेत त्यामुळे मूड असो नसो तोंडात शब्द येतात. सकाळच्या प्रार्थनेत जखऱ्याचं (बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वडिलांचं) स्तोत्र, संध्याकाळी येशूची आई मरियेचं, दोन्ही लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात आहेत. मरियेचं मी परतीच्या गाडीत म्हणतो, दादर गेलं की सुरू. भुकेल्यांना त्याने भरवलं हे वाक्य त्या गर्दीत, सगळे दिवसभर राबून परतत असताना फार खरं वाटतं. शिवाय बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेना, म्हणजे मरियेला केलेली ठरलेली प्रार्थना, असते, १९४८ पासून चालू आहे. लोक मागायला येतात तसे आभार मानायलाही येतात, आणि दुसऱ्याला मिळालेलं ऐकून आपल्याच तोंडून स्तुती निघते.
आणखी एक, स्तोत्र १३६ बघा. २६ वचनं, प्रत्येकाच्या शेवटी 'त्याची दया सनातन आहे'. आकाश निर्माण केलं, समुद्र दुभागला असं मोठं मोठं सांगत सांगत शेवटाकडे सर्व प्राण्यांना अन्न देतो इथपर्यंत येतं. एकाने ओळ वाचायची, दुसऱ्याने पालुपद.

नालासोपारा_फास्ट:
थँक्यू काका, सिस्टर, दादा. १३६ पप्पांसोबत करणार, त्यांना मोठी ओळ वाचायला दम लागतो, मग मी वाचेन आणि ते 'त्याची दया सनातन आहे' म्हणतील. दादा, बुधवारी मी आले तर चालेल का, आम्ही प्रोटेस्टंट आहोत. आणि गर्दी कधी कमी असते?

माहीमचा_शेजारी:
अहो बिनधास्त या, इथे सगळ्या धर्माचे लोक येतात. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर खूप गर्दी होते, पप्पांना आणणार असाल तर सकाळी या, बसायला जागा मिळते.