‘डिक्टेटर’ला हुकूमशहा म्हणावं का?

प्रश्न : ज्युलियस सीझरच्या शेवटच्या वर्षावर दीर्घकथा लिहिते आहे. ‘डिक्टेटर’ या रोमन पदासाठी कोशातला ‘हुकूमशहा’ घेतला. पण ‘सिनेटने सीझरला हुकूमशहा नेमलं’ हे स्वतःचंच वाक्य वाचताना अडखळते. हुकूमशहाला कधी कोणी नेमतं का? दुसरा शब्द सुचवा.

उत्तर : अडखळलात ते बरंच झालं. रोममध्ये हे रीतसर पद होतं. संकट आलं की सिनेटच्या सल्ल्यावरून कॉन्सल, म्हणजे दरवर्षी निवडून येणारा सर्वोच्च अधिकारी, रात्रीच्या निःशब्द शांततेत एकाचं नाव उच्चारायचा. मुदत फार तर 6 महिने. इ.स.पू. 458 मधल्या सिनसिनेटसची हकिगत रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो : शेतावर बोलावणं आलं, त्याने टोगा, म्हणजे रोमन नागरिकाचं औपचारिक वस्त्र, मागवून अंगावर घेतला, लढाई जिंकली आणि 16व्या दिवशी पद सोडलं.

माझी खरी हरकत ‘शहा’ला आहे. रोमनांनी राजाला हाकललं होतं आणि ‘रेक्स’ म्हणजे राजा, हा शब्द त्यांच्या राजकारणात शिवीसारखा होता. राजा न आणता राजाएवढा अधिकार थोडे दिवस द्यायचा, म्हणून हे पद. लुपरकॅलिया या रोमन सणाचा प्रसंग तुमच्या कथेत येईलच. इ.स.पू. 44चा फेब्रुवारी, सीझरचा साथीदार अँटनी राजचिन्हाची पट्टी पुढे करतो, सीझर ती सारतो, जमाव टाळ्या वाजवतो. पहिल्या पानापासून जो ‘शहा’ आहे, त्याने मुकुट नाकारला तर वाचकाचा श्वास कशाला अडकेल?

मी ‘सर्वाधिकारी’ लिहीन. 1938-39च्या हैदराबाद सत्याग्रहात आर्य समाज आपल्या प्रमुखाला सर्वाधिकारी म्हणे; एक तुरुंगात गेला की दुसरा त्याची जागा घेई. म्हणजे नेमणुकीचा आणि तात्पुरतेपणाचा वास या शब्दाला आधीच आहे.

आणखी एक मत : शब्द छान, पण सीझरच्या आधीच्या सुल्ला या सेनापतीचं काय? इ.स.पू. 82 मध्ये तो मुदतीशिवाय डिक्टेटर झाला. फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, नावांच्या याद्या लागत. यादीतल्या माणसाला मारणाऱ्याला बक्षीस, मालमत्ता जप्त. त्याला ‘सर्वाधिकारी’ म्हणणं फारच सौम्य वाटतं.

उत्तर : सौम्य आहे, आणि म्हणूनच तो ठेवावा. पदाचं नाव तेच राहिलं आणि आतून ते पोखरलं गेलं, हे रोमनांनी डोळ्यांदेखत पाहिलं. वाचकालाही ते तसंच दिसू दे. सीझरच्या नाण्यावर ‘डिक्टेटर पर्पेट्युओ’ असं येतं, तिथे ‘तहहयात सर्वाधिकारी’ लिहा. ‘तहहयात’ हा आपल्या सनदांमधला शब्द. 6 महिन्यांच्या पदाला तो चिकटला की अंगावर काटा येतो.

प्रश्न : पटलं. मग त्याच्यापुढे चालणाऱ्या लिक्टरांना ‘चोपदार’ चालेल?

उत्तर : अर्धवट चालेल. वाट मोकळी करणं, मान राखणं हे दोघांचंही काम. पण लिक्टरच्या खांद्यावर छड्यांची मोळी असते आणि तिच्यात कुऱ्हाड. कॉन्सलपुढे असे 12, डिक्टेटरपुढे 24. शहराच्या हद्दीत आल्यावर कॉन्सलच्या मोळ्यांमधल्या कुऱ्हाडी काढून ठेवत. डिक्टेटरच्या मोळ्यांमध्ये त्या तशाच राहत. ‘चोपदार’ म्हटलं की ती कुऱ्हाड दिसेनाशी होते. ‘लिक्टर’च ठेवा, आणि पहिल्यांदा येतील तेव्हा ते पातं उन्हात चमकताना दाखवा.