मदत हवी आहे: निर्वासितांच्या कार्यक्रमात दुभाषे आणि शांत खोली

२० जूनचा जागतिक निर्वासित दिन आणि २६ जूनचा छळपीडितांच्या समर्थनाचा दिवस मिळून एकच कार्यक्रम ठरतोय. गाणी, नाच, जेवण, सगळं आहे. फटाके, फुगे आणि अचानक दिवे घालवणं बाद केलंय. फुगा फुटला तरी काहींना तो गोळीचाच आवाज वाटतो. मंचावर कुणालाही ‘तुमची कहाणी सांगा’ म्हणणार नाही. फोटो परवानगीशिवाय नाहीत, कारण चेहरा मायदेशी पोचला तर मागे राहिलेल्या नातेवाइकांच्या जिवावर बेततं.

अडलंय ते दुभाष्यांपाशी. मुलांना दुभाषी करायचं नाही, हे नक्की. आईवर काय गुदरलं ते लेकराच्या तोंडून वदवून घेणं क्रूर आहे. पण छोट्या समाजात दुभाषा ओळखीचा निघतो, किंवा विरुद्ध गटातला, आणि माणूस गप्प होतो. अशा वेळी फोनवरून, नाव न सांगता दुभाषा घेऊन कुणी काम केलंय का? विश्वास बसतो का?

दुसरं, शांत खोली, म्हणजे गोंगाटात कुणी घाबरलं तर बाजूला बसायला जागा. खुर्च्या दाराकडे तोंड करून, दार आतून उघडणारं, बाहेर गणवेशातला रक्षक नको. आत समुपदेशक बसवावा, की नुसतं पाणी ठेवून माणसाला एकटं सोडावं?